एकेचाळीसावा डबा

कॉम्प्युटर बंद पडला की आमच्या कंटेनर यार्डात पंचनामा व्हायचा. हे मी थट्टेनं म्हणत नाही. खराखुरा पंचनामा. दोन पंच, एकाची सही, दुसऱ्याला लिहिता येत नव्हतं म्हणून त्याचा अंगठा, आणि तारीख-वार-वेळेसकट काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत नोंद. ती होईपर्यंत मशीनला कोणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तर त्या मशीनसाठी खास वाशीहून आलेला इंजिनिअर होतो. निदान माझ्या कार्डावर तसं छापलेलं होतं.

हा कायदा गेटवरच्या भाऊंचा. "मेलेल्याला हलवाचा नाय," असं म्हणून ते चपला दाराबाहेर काढत आणि पडद्यावर उमटलेल्या पांढऱ्या चौकटीसमोर क्षणभर गप्प उभे राहत. मग खिशातून चष्मा निघे. त्याची एक काडी तुटलेली होती, तिच्या जागी बांधलेला दोरा कानामागे अडकवला की काम सुरू. भाऊंना इंग्रजी येत नव्हतं, पण चौकटीतला मजकूर ते चित्र काढावं तसा एकेक अक्षर उतरवून घेत. 'जनरल प्रोटेक्शन फॉल्ट'. त्याखाली आकड्यांची एक लांबलचक माळ. त्या माळेत एखादं शून्य चुकलं तरी पान फाडत नसत. काट मारून बाजूला सही करत.

वहीत पाच रकाने होते. मयताचं नाव, मरणाची वेळ, शेवटी कोणी पाहिलं, मरताना काय करत होता, मरणाचं कारण. पहिल्या रकान्यात दरवेळी माझ्या प्रोग्रॅमचं नाव असायचं. शेवटचा रकाना दरवेळी कोरा असायचा.

"भाऊ, हा का नाही भरत?" मी एकदा विचारलं.

"मी नुसता लिवनारा हाय. कारन डॉक्टरनी लिवाचा."

डॉक्टर म्हणजे मी. हे त्यांनी कसलाही टोमणा न मारता सांगितलं, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं.

भाऊ उरणकडचे. वडिलांची मिठागरं होती. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या तेव्हा मिठागरंही गेली, आणि बदल्यात घरटी एक नोकरी या हिशेबानं भाऊ द्रोणागिरीच्या आमच्या कंटेनर यार्डात गेटवर लागले. त्याआधी ते गावच्या ग्रामपंचायतीत शिपाई होते. ग्रामसेवक आठवड्यातून एकदा उगवायचा, त्यामुळे जन्म-मृत्यूची वही भाऊच लिहीत. या वहीचे रकाने तिथूनच आले होते.

त्या वहीची एक गोष्ट गावात अजून सांगतात. वाऱ्यावावटळीत एक होडी परतली नाही. घरच्यांनी टाहो फोडला, सुतक धरलं, आणि भाऊंकडे नोंद करायला माणूस पाठवला. भाऊ म्हणाले, "बगितला नाय, लिवनार नाय." शिव्या खाल्ल्या, सरपंचानं दम दिला, पण लेखणी उचलली नाही. चौथ्या दिवशी 'मयत' पलीकडच्या किनाऱ्यावरून चालत घरी आला आणि आपलंच सुतक बघून बायकोवर भडकला. ही गोष्ट सांगताना भाऊ हसत नसत. त्यांच्या मते त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, ती फक्त नीट ठेवलेल्या वहीची गोष्ट होती.

मीठ हा त्यांचा दुसरा नाद. कुठल्याही हॉटेलात गेले की आधी मिठाची वाटी मागवायची, चिमूटभर जिभेवर ठेवायचं आणि डोळे मिटायचे. मग निकाल. "ह्या आपला नाय. भाईरून आलाय." निकाल वाईट लागला तर भजी तशीच अळणी खायची, पण ते मीठ घ्यायचं नाही. खिशात स्वतःची पुडी असायची. ती मला कधी देऊ केली नाही. मी शहाळ्यातसुद्धा साखर घालणारा माणूस आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

आता माझ्याबद्दल. मी तेव्हा नवीन पनवेलला एका सोसायटीत पेइंग गेस्ट राहायचो. बिल्डिंगच्या नकाशात लिफ्ट होती, बिल्डिंगमध्ये नव्हती. वाशीत पाच जणांची एक कंपनी होती, तिथं मी कामाला होतो, आणि त्या पाच जणांत सगळ्यात हुशार मी आहे असं माझं मत होतं. इतर चौघांचं काय मत होतं ते विचारायचं राहून गेलं. यार्डाचा प्रोग्रॅम मीच लिहिला. तो बसवायला आठवड्यासाठी म्हणून उरणच्या एसटीत बसलो आणि जवळजवळ वर्षभर तिथेच अडकलो. त्याला कारण माझी हुशारीच.

यार्ड म्हणजे खाडीलगत भराव घालून केलेलं मैदान. त्यावर कंटेनरच्या चार ओळी, अ, ब, क आणि ड, आणि प्रत्येक ओळीत चाळीस जागा. कंटेनरला तिथे कोणी कंटेनर म्हणत नसे. डबा म्हणत. कुठला डबा कुठे आहे हे भाऊंना तोंडपाठ होतं. नंबर सांगितला की ते मान वर न करता बोटानं दिशा दाखवत, आणि डबा तिथेच निघे. कॉम्प्युटर आणला तो भाऊंच्या डोक्याला पर्याय म्हणून. यार्डाचे साहेब मला म्हणाले, "उद्या भाऊ आजारी पडले तर आपण काय करायचं?" भाऊ सात वर्षांत एकदाच आजारी पडले होते, तेही रविवारी.

प्रोग्रॅम लिहिण्याआधी मी सगळ्यांना विचारलं होतं की पडद्यावर काय काय दिसायला हवं. साहेबांनी दोन पानांची यादी दिली. भाऊंनी एकच गोष्ट मागितली.

"आत मानूस हाय का नाय, ता दिसला पायजे."

म्हणजे असं, की डब्यात पोती रचायला माथाडी आत जात. ते बहुतेक साताऱ्याकडचे. डब्याचं दार एका बाजूला आणि क्रेन यायची दुसऱ्या बाजूनं, त्यामुळे आत माणसं आहेत हे क्रेनवाल्याला दिसत नसे. म्हणून आत जाताना मुकादम क्रेनच्या बाजूला एक लाल फडकं बांधायचा. फडकं असेल तो डबा उचलायचा नाही, एवढी साधी रीत. मी ते फडकं पाहून हसलो. वाऱ्यानं उडतं, उन्हानं विटतं, पावसात गळून पडतं. मी साहेबांना सांगितलं की मुकादमानं फक्त खोलीत येऊन सांगायचं, ही नोंद कॉम्प्युटर ठेवेल. क्रेनवाल्याला जी चिठ्ठी छापून मिळेल त्यात अशा डब्याचं नावच येणार नाही. साहेब खूश झाले आणि फडकी बंद केली.

"फडका काढू नको, इंजिनेर," भाऊ म्हणाले.

"भाऊ, जग कुठे चाललंय बघा."

"जग जाऊदे. फडका ऱ्हाऊदे."

मी त्यांना समजावलं. पाऊण तास समजावलं. आज आठवलं की अंगावर काटा येतो, पण मी समजावताना फळ्यावर आकृतीही काढली होती.

प्रोग्रॅम सुरू झाला आणि आठवड्यातून एकदा-दोनदा मरू लागला. एरवी छान चालायचा, आणि मध्येच पांढरी चौकट यायची. वाशीला माझ्या मशीनवर मी तोच प्रोग्रॅम तासन्‌तास चालवायचो, अ ते ड सगळ्या ओळी, एक ते चाळीस सगळ्या जागा, आणि तो शहाण्या मुलासारखा वागायचा. यार्डात नेला की पुन्हा मयत, पुन्हा पंचनामा. पंच म्हणून क्रेनवाला आणि मुकादम हजर. क्रेनवाला सही ठोकून म्हणायचा, "टेन्शन नको घेऊ रे, माझी क्रेन पण अशीच आहे." हा दिलासा होता की अपमान, ते मला आजही कळलेलं नाही.

भाऊ दरवेळी वही माझ्यापुढे धरत. "वाच."

मी वाचत नसे. प्रोटेक्शन फॉल्टसारखी गोष्ट, जिच्यावर इंग्रजीत जाडजूड ग्रंथ आहेत, ती मिठागरवाल्याच्या मोडक्या बाळबोधात वाचून मला काय कळणार होतं? मी वहीवर नजर टाकल्यासारखं करायचो, "हं" म्हणायचो आणि ग्रंथ उघडायचो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला शाळेतच शिकवली होती. पण ती दुसऱ्या कोणासाठी आहे असं मी धरून चाललो होतो.

मग हेड ऑफिसचे लोक यार्ड पाहायला येणार असं ठरलं. साहेब मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "त्या दिवशी ती पांढरी चौकट दिसली, तर हे मशीन तुम्हीच डोक्यावर घेऊन वाशीला जायचं." मशीन जड होतं आणि माझी नोकरी नवी होती. मी दोन दिवस ग्रंथात डोकं घातलं आणि मला उपाय सापडला.

तो उपाय काय होता ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यामुळे झालं. प्रोग्रॅम आपली माहिती मेमरीत वेगवेगळ्या खणांत ठेवतो. कुठला डबा कुठे आहे हा एक खण, आत माणूस आहे की नाही हा दुसरा. प्रत्येक खणावर सिस्टीमचा पहारा असतो. प्रोग्रॅमनं आपल्या खणाबाहेर एक पाऊल जरी टाकलं, तरी पहारेकरी त्याला जागच्या जागी ठार करतो आणि पांढरी चौकट दाखवतो. म्हणजे माझा प्रोग्रॅम कुठेतरी हद्द ओलांडत होता. कुठे ते शोधणं हा झाला इंजिनिअरचा रस्ता. मी दुसरा घेतला. एका सेटिंगमध्ये बदल करून सगळे खण एकाच मोठ्या जागेत टाकले आणि मधला पहारा काढून टाकला.

पांढरी चौकट गेली. हेड ऑफिसचे लोक आले, त्यांनी पडदा पाहिला, माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि जेवायला गेले. साहेबांनी पेढे वाटले. मी भाऊंपुढे पेढा धरला तर ते पेढ्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले.

"काय केला?"

"दुरुस्त केलं, भाऊ."

"कारन काय निंगाला?"

"तांत्रिक आहे. तुम्हाला नाही कळायचं."

त्यांनी पेढा घेतला आणि वही उघडली. शेवटच्या रकान्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मंग ता तांत्रिकच लिव की हितं." मी म्हटलं, वेळ नाही. खरं म्हणजे लिहायला काही नव्हतं.

दहा दिवस कोणी मेलं नाही. मी यार्डात छाती काढून फिरत होतो. भाऊ मात्र अस्वस्थ. दिवसातून तीनदा चपला काढून आत यायचे, पडद्याकडे बघायचे, परत जायचे. अकराव्या दिवशी चहाच्या टपरीवर मला म्हणाले, "आमच्या गावात येकदा सा म्हैने येक बी मयत नाय लागला वहीत. सगले बोलले, बरा हाय, देवाची कृपा. मी बोललो, वही लिवनारा कुठं मेला काय ता बगा."

मी मोठ्यानं हसलो. तो विनोद आहे असं मला वाटलं होतं.

त्याच दुपारी साहेबांना एका ट्रकसाठी रिकामा डबा हवा होता. भरून पुरा झाला नसेल तो डबा कॉम्प्युटरच्या हिशेबी रिकामाच. त्यानं गेटजवळचा असा डबा शोधून चिठ्ठी छापली. अ ओळ, जागा एक. क्रेन आली, तिनं डबा धरला आणि उचलला. आत दोन माथाडी पोती रचत होते. डबा हातभर वर गेला असेल नसेल, तोच क्रेनवाल्याला तो जड लागला. रिकामा डबा इतका जड नसतो, हे त्याच्या हातानं ओळखलं, माझ्या प्रोग्रॅमनं नाही. त्यानं डबा परत खाली सोडला. तेवढ्यात आतली थप्पी कोसळली होती. एक जण नुसता खरचटून निभावला. दुसरा, पाटणकडचा चाळिशीचा गृहस्थ, पोत्यांखाली सापडला. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापासून भलत्याच दिशेला वळलेला होता आणि तो मला विचारत होता, "फडकं कुटं हाय? फडकं का न्हाई?" फडकी बंद करायला लावणारा मी त्याच्यासमोर उभा होतो. मग त्याला दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी सगळे कॉम्प्युटरच्या खोलीत जमले. साहेब, मुकादम, क्रेनवाला आणि दाराशी सहा-सात माथाडी. मी मनात एक आशा धरून होतो. आपल्या गोष्टींमध्ये अशा वेळी वडीलधारा माणूस पुढे होतो आणि लेकराची चूक आपल्या अंगावर घेतो. भाऊ आता तसं काही करतील असं मला खरोखर वाटत होतं. भाऊंनी वही उघडली, कानामागे दोरा अडकवला आणि माझ्याकडे वळले.

"शेवटला हात कोनी लावला?"

"मी."

"मोठ्यानं बोल, पंचांना आयकू जाऊदे. काय केला?"

"सेटिंग बदललं."

"आदी ह्यो मरत व्हता. का मरत व्हता?"

"दुसऱ्याच्या जागेत पाय टाकत होता. सिस्टीमचा पहारा असतो. तो त्याला मारायचा."

"आनि तू?"

खोलीत एसी चालू होता, तरी माझा शर्ट पाठीला चिकटला होता. "मी पहारा काढला," मी म्हणालो.

"म्हंजे चोर तसाच. वॉचमन घरी पाठवला."

"हो."

भाऊंनी ते शब्दशः लिहून घेतलं. 'वॉचमन घरी पाठवला.' खाली माझी सही घेतली. साहेब ओरडले की या माणसाला आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. भाऊ वहीतून मान वर न करता म्हणाले, "काडू नका. ज्यानं घान केली, त्यालाच ठावा कुठं केली ता. दुसरा आला तं म्हैनाभर नुसता वास घेत फिरंल." माझ्या बाजूनं कोणी इतकं घाणेरडं आणि इतकं उपकाराचं बोललेलं मी नंतर कधी ऐकलं नाही.

त्याच संध्याकाळी मी पहारा परत बसवला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती वही वाचली. एकोणीस मयत होते. 'मरताना काय करत होता' या रकान्यात भाऊंच्या मोडक्या अक्षरात एकोणीस वेळा एकच गोष्ट लिहिली होती. ड ओळ, एकेचाळीसावा डबा ठेवला.

"भाऊ, एकेचाळीसावा कुठला? नकाशात तर चाळीसच आहेत."

"नकाशात. चल, दाखवतो."

ड ओळीच्या टोकाला, खाडीच्या कुंपणालगत, चाळीसाव्या डब्यापुढे थोडी मोकळी जागा होती. यार्ड भरलं की तिथे एक डबा तिरपा सारून ठेवत. त्याला ते पाहुणा म्हणत. पाहुणा आला की कॉम्प्युटरवर कोणीतरी भाबडेपणानं ड-४१ असं टाइप करी. मी चाळीसच खणांचा प्रोग्रॅम लिहिला होता, आणि एकेचाळीस म्हटल्यावर 'नाही' म्हणायला त्याला शिकवलं नव्हतं. तो पाहुण्याला घेऊन सरळ पुढच्या खणात शिरायचा. पुढचा खण 'आत माणूस' या नोंदीचा, आणि त्यातली पहिली जागा अ-१ ची. पहारा होता तोवर तो उंबऱ्यावरच मारला जायचा. मी पहारा काढल्यावर तो आत शिरून अ-१ ची नोंद पुसून बाहेर येऊ लागला. त्या दुपारी पाहुणा आला होता.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो. मला रडू येत होतं. "तुम्ही सांगितलं का नाही?"

"लिवला व्हता ना."

"पण तोंडानं?"

भाऊ कुंपणापलीकडे बघत होते. तिकडे पूर्वी त्यांचं मिठागर होतं असं मला नंतर कोणीतरी सांगितलं. "मना काय ठावा त्याचा अर्थ काय? मना दिसला ता मी लिवला. अर्थ लावनारा तू," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, "पर बोलाया पायजे व्हता. ता माजा चुकला." माझी चूक त्यांनी अंगावर घेतली नव्हती. स्वतःची मात्र तिथल्या तिथे घेतली.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. ती मी चार दिवस तपासली. फडकी परत आली, पण माथाडी अडून बसले. मुकादम साहेबांना म्हणाला, "फडकं वाऱ्यानं जातंय, ते बी आमाला म्हाईत हाय. दोनी ठेवा. पर त्या मशीनच्या भरवशावर आमी न्हाई आत जानार. ज्यानं लिवलंय, त्यानं आदी आत बसून दाकवावं. बिनफडक्याचं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायला मला जागा नव्हती. मी नाही म्हटलं असतं तर माझा माझ्या कामावर विश्वास नाही असं झालं असतं. आणि तो नव्हताच. चार दिवस तपासल्यानंतर मला पक्कं माहीत होतं की चूक दुरुस्त झाली आहे, पण हेच मी पेढ्यांच्या दिवशीही छातीठोकपणे सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मला अ-१ मध्ये बसवलं. दार लोटून घेतलं. कॉम्प्युटरवर साहेब स्वतः बसणार होते, जे एका बोटानं टाइप करत आणि दर दोन अक्षरांनी 'अरेच्चा' म्हणत. आधी अ-१ मध्ये माणूस असल्याची नोंद करायची, मग ड ओळीत पाहुणा ठेवायचा, त्याची नोंद करायची, मग रिकामा डबा मागायचा, असं ठरलं होतं. क्रेनवाला जाताना दारातून म्हणाला, "बॉस, चिठ्ठीत तुझा डबा आला तर आपण उचलणार. मुकादमला जबान दिलीय."

आत तव्यासारखा तापलेला पत्रा, तांदळाचा जुनाट वास आणि दाराच्या फटीतून येणारी उन्हाची एक रेघ. मी एका पोत्यावर बसलो. माणूस किती वेळा घाम पुसू शकतो ते मला त्या दिवशी कळलं. दूरवर ड ओळीत धाडकन आवाज झाला. पाहुणा बसला होता. म्हणजे आता साहेबांचं बोट चार आणि एक दाबत असणार. त्यांच्या हातून भलतंच काही दाबलं गेलं तर काय होईल हे मी तपासलं होतं का? तपासलं नव्हतं. हे मला त्या पोत्यावर आठवलं.

दार करकरलं. भाऊ आत आले, चपला दाराशी काढल्या आणि माझ्या शेजारी पोत्यावर बसले.

"तुम्ही कशाला आलात?"

भाऊ पत्र्याला टेकले, चटका बसला तसे पुन्हा ताठ झाले.

क्रेनची घंटी ऐकू येऊ लागली. ती आमच्या ओळीच्या दिशेनं येत होती. जमीन हलली. वरच्या पत्र्यावरचा गंज झरझर खाली पडला.

"भाऊ, तुमचा माझ्यावर भरवसा आहे म्हणून आलात ना?" मी विचारलं. माझा आवाज आठवीतल्या मुलासारखा फुटला होता.

"भरवसा?" भाऊ म्हणाले. "भरवसा असता तं भाईर चा पीत बसलो असतो."

घंटी अगदी पत्र्याला लागून वाजली. उन्हाची रेघ विझली. क्रेनची सावली डब्यावरून पलीकडे दारावर पडली आणि तिथे थांबली. किती वेळ थांबली ते मला सांगता येणार नाही. मग रेघ परत उजळली आणि घंटी पुढे, ब ओळीकडे, निघून गेली.

दार कोणीतरी बाहेरून उघडलं. उन्हात मुकादम उभा होता, त्याच्या मागे सगळे माथाडी, आणि पुढे तो पाटणचा गृहस्थ, उजवा हात प्लॅस्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. त्यानं आम्हा दोघांकडे नीट पाहिलं.

"सायेब," तो मला म्हणाला, "सोडा की आता भाऊंचा हात."